इंग्रजी कागदावरचा धवला

माझं गाणं इंग्रजीत छापून आलं तेव्हा मला ते वाचता येत नव्हतं, आजही येत नाही. मी चौथीपर्यंत शिकले, तेही मराठी. तो कागद हातात घेऊन मी उलटासुलटा करून पाहिला. त्यात माझं गाणं कुठे आहे ते लेकीने बोट ठेवून दाखवलं. आठ ओळी होत्या. त्या आठ ओळींनी माझ्या घरात जे केलं त्याचा धक्का इतक्या वर्षांनीही पुरता ओसरलेला नाही.

मी धवलारीण. खालापूरच्या बाजूला, शिळफाट्यापासून चालत पाऊण तासावर आमचं गाव. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात मांडव पडल्यापासून हळद उतरेपर्यंत जे काही करायचं ते धवलारीण गाऊन करते. देवांना बोलावणं, घरातल्या गेलेल्या माणसांना बोलावणं, उंबराची फांदी मांडवात आणणं, नवरा-नवरीला पाटावर बसवणं, सगळं गाण्यात. त्या गाण्याला धवला म्हणतात. मला सासूने शिकवला, तिला तिच्या सासूने. भटजी मंगलाष्टकांपुरते यायचे. वैशाखात एकाच दिवशी सात-आठ लग्नं निघाली की ते पुरे पडायचे नाहीत, तरी त्यांच्यावाचून कुणाचं लग्न राहिलं नाही. धवलारीण तापाने पडली म्हणून लग्नाचा दिवस बदलला, असं मात्र मी दोनदा पाहिलं.

सत्तर साल उलटून गेल्यावरची गोष्ट. मुंबईहून एक बाई आमच्या भागात यायला लागल्या. कानावर कापलेले केस, खांद्याला पिशवी, बोलायला चांगल्या. इथल्या लोकांचं गाणं-वाजवणं कर्जतच्या मैदानात करायचं, उघड्यावर, कुणीही यावं, तिकीट नाही, अशी त्यांची योजना होती. चार महिने, महिन्यातून एका रविवारी. एकदा भजन, एकदा ढोल, एकदा ठाकर आदिवासींचा नाच आणि एकदा आमचा धवला. माझ्या ओटीवर बसून त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, लग्न कुणाचं आहे? त्या म्हणाल्या, लग्न कुणाचं नाही, लोक नुसते ऐकतील. आमच्याकडे कारणाशिवाय कुणी गात नाही. पाचवी असते, लग्न असतं, गौर असते, मेलेल्याचं भजन असतं. रस्त्याने चाललेल्या माणसाने मध्येच बसून धवला ऐकावा आणि उठून जावं, हे माझ्या डोक्यात शिरेना. मी नाही म्हणणार होते. हो म्हणाले ते लेकीसाठी.

लेक माझी थोरली, तेव्हा अठराची. कर्जतच्या शाळेतून मॅट्रिक झालेली. गावात इंग्रजी येणारी ती पहिली मुलगी. शाळेच्या हेडमास्तरांनी बाईंना तिचं नाव सांगितलं होतं. माथेरानला आलेले पाहुणे, त्यांत परदेशातलेही, नेरळला खाली उतरले की त्यांना गाडीने कर्जतला आणायचं, असं ठरलं होतं. त्यांच्या हातात द्यायला दर कार्यक्रमाचा एक इंग्रजी कागद हवा होता. बाई लेकीला म्हणाल्या, चार कागद लिही, चारही जमले तर मुंबईच्या कचेरीत ठेवून घेते, पगारावर, राहायला मुलींचं वसतिगृह आहे. लेक त्या दिवशी जेवली नाही, इतकी हरखली. तिचा बाप खोपोलीला कारखान्यात पाळीवर जायचा. तो हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. आमच्याकडे याला कबुली समजत नाहीत.

ती कागद कसे लिहायची ते मी पाहिलं आहे. पहिला भजनाचा होता. त्यासाठी ती भजनमंडळींत दोन संध्याकाळी जाऊन बसली. पखवाज कोण वाजवतो, मध्ये कोण बसतो, एक अभंग किती वेळ चालतो, सगळं विचारलं. मग ओटीवर वही घेऊन बसली आणि पाच दिवस खोडत राहिली. लिहून झालं की मला मराठीत सांगायची. पहिली ओळ सगळ्या कागदांवर तीच: कुणीही यावं, काही द्यावं लागत नाही. पुढे लिहिलं होतं की खाली जमिनीवर बसायचं, चपला काढायच्या, मध्येच उठून गेलात तरी कुणी रागावणार नाही. मी म्हटलं, चपलासुद्धा लिहायच्या का? माणसं आहेत की गुरं?

ती म्हणाली, "आये, त्यांना म्हाईत नसतं गं. बसायचं कुठं, उठायचं कवा, पैशे कुनाला द्यायचे. ह्ये लिवलं नाय तर ती गाडीतच बसून रातील."

बाई लाल पेन्सिल घेऊन तिचे कागद तपासायच्या. लेकीने भजन गोड आहे, मधुर आहे, असं काही लिहिलं होतं. ते सगळं त्यांनी कापलं. गोड आहे की नाही ते ऐकणाऱ्याचे कान ठरवतील, तू तिथे काय होतं तेवढं लिही, असं त्यांनी बजावलं. लेकीने हे मनावर घेतलं. नंतरच्या कागदांत पाहिलेलं किंवा विचारलेलं सोडून एक शब्द नसायचा. ठाकरांच्या नाचाचा कागद बाईंना इतका आवडला की त्यांनी तो लाल न करता छापायला दिला.

चौथा कागद माझा. लेकीने मला समोर बसवून परक्या बाईला विचारावं तसं विचारलं. गाणं कधी सुरू होतं, कोणकोणते देव येतात, किती वेळ लागतो. शेवटी विचारलं, धवला म्हणजे नक्की काय, लग्नातलं गाणं का?

मला राग आला. माझ्या पोटची पोर, आणि लग्नातलं गाणं म्हणते. मी म्हटलं, "लग्नातलं गानं नाय. धवला सरला का दोघं नवराबायको. भट आला काय न नाय आला काय." तिने तसंच लिहिलं. पुढे लिहिलं की आज एक मुलगा आणि एक मुलगी नवरा-नवरी म्हणून पाटावर बसतील. ते बसवायचं बाईंनीच सुचवलं होतं, नुसत्या गाण्यातून पाहुण्यांना काही उमगणार नाही म्हणून. लटकं लग्न, खोटं लग्न, असा शब्द कागदात कुठेही नव्हता. बाईंना तो लागेलसं वाटलं नाही. मलाही नाही. मुलगा ढोलवाल्यांतला होता, रसायनीकडच्या गावचा, आपल्याच जातीचा, नुकताच कारखान्यात लागलेला. मुलगी आमच्याच गावची ठरली होती.

रविवारी दुपारी मैदान भरलं. फुकट म्हटल्यावर आजूबाजूच्या गावांतून माणसं आली. बाजाराला आलेली तशीच बसली. पाहुणे पुढे चटयांवर, मांडीवर कागद. आणि आमच्या गावची मुलगी आली नाही. तिच्या बापाने सकाळी तिला घरात बसवून ठेवलं. धवल्यात पोर बसवायची आणि तशीच उठवून आणायची हे त्याला पटेना. आम्ही त्याला वेडा म्हणालो. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि लेकीला म्हणाल्या, तूच बस. ती बसली. मुंडावळ्या बांधल्या. मी गायला लागले.

धवल्यात एक जागा येते तिथे नवऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव, मग नवरीचं नाव, बापाचं नाव, गाव, असं घ्यायचं असतं. आधी ठरलं होतं की तिथे नावं घ्यायची नाहीत, राम-सीता म्हणून पुढे जायचं. पण गायला बसण्याआधी मी त्या मुलाला विचारलं होतं, तू कुणाचा रं. दर लग्नाआधी मी हे विचारते. ती जागा आली आणि तोंडातून त्याचं नाव गेलं. बापाचं गेलं, गाव गेलं. आणि मागोमाग माझ्या लेकीचं नाव, माझ्या नवऱ्याचं नाव, आमचं गाव. वीस वर्षं जीभ एका वाटेने गेलेली, ती वळली नाही. लेकीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पण धवला मध्ये सोडत नाहीत. कधीच सोडत नाहीत. मी शेवटपर्यंत गायले. पाटाजवळ ताटात अक्षता दिसायला म्हणून ठेवल्या होत्या. मैदानातल्या बायका उठल्या, ताटातून मूठमूठ घेतल्या आणि दोघांवर टाकल्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. नावं घेतली, धवला सरला, मग अक्षता टाकायच्या, एवढं प्रत्येकीला माहीत होतं.

घरी येताना मी लेकीला म्हटलं, चूक झाली. ती हसून म्हणाली, होऊ दे, पाहुण्यांना काय कळतंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण सारवत होते तर पाच बायका दारात. पुढे त्या मुलाची आई. हातात हिरवं लुगडं, वर नारळ. म्हणाली, "इहीनबाय, पानी घाला पायावर. सूनबायला न्यायला आलो."

शेणाचा हात तसाच घेऊन मी उभी राहिले. मला वाटलं थट्टा करते आहे. मग तिने कमरेची पिशवी उघडली आणि घडी काढली. तो इंग्रजी कागद. तिने त्याला हळदकुंकू लावलं होतं. कारखान्यातल्या कुणा कारकुनाकडून वाचून घेतला होता, आणि त्यात काय आहे ते तिला पाठ होतं. ही बाई भांडखोर नव्हती. ओटीवर बसून तिने सगळं सरळ सांगितलं. मैदानात ती स्वतः होती. तिने स्वतः अक्षता टाकल्या. आता तिच्या मुलाला दुसरी मुलगी कोण देणार? धवल्यात एकदा नाव गेलं की गेलं. दुसरी आणली तर ती दुसरेपणाची. "तुमची पोर आवडली म्हनून आलो असं नाय," ती म्हणाली, "झालं म्हनून आलो. एवड्या मानसांचं लगीन आमच्या सात गावांत कुनाचं झालं नाय."

लेक आतून आली. तिला पाहून त्या बायकांनी पदर डोक्यावर नीट केले. ते पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली. या बायका खोटं वागत नव्हत्या.

नवरा पाळीवरून आला आणि त्याने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं हाकलून देईल. तो म्हणाला, मुलाला कारखान्यात नोकरी आहे, घर आपल्यातलं आहे, शोधायला गेलो असतो तर याहून काय मिळालं असतं? मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "फुकटच्या कार्यक्रमात फुकट जावई मिळाला. अजून काय पायजे तुला?" लेक त्याच्यासमोर उभी होती. तिने एकच सांगितलं, पुढच्या सोमवारी तिला मुंबईला कचेरीत हजर व्हायचं आहे, बाईंची चिठ्ठी आली आहे. तो म्हणाला, ते आता तुझ्या घरच्यांना विचार. घरचे म्हणजे त्या बायका. त्या दिवशी मी त्यांना कशीबशी परत पाठवलं. गावकी बसेल, मग बघू, असं सांगून.

गावकी देवळात बसली, रविवारी सकाळी. मुलाकडचे दहाएक जण आले. मुलगाही होता, खाली मान घालून. त्याला कुणी काही विचारलं नाही. कागद मधोमध ठेवला. वाचणार कोण? शाळेचे मास्तर सुट्टीत गावी गेले होते. कारकुनाने वाचला होता पण तो काही आला नव्हता. सगळ्या देवळात इंग्रजी येणारी एकच, माझी लेक. जिचं लग्न झालं की नाही ते ठरवायचं, तिच्याच हातात कागद. गावकीतल्या म्हाताऱ्याने तिला सांगितलं, "जसं हाय तसं वाच, पोरी. तुज्या मनचं घालू नको."

मी तिच्याकडे पाहत होते. काहीतरी वेगळं वाच, असं मी मनात म्हणत होते. ओळ गाळ. शब्द बदल. कारकुनाचं ऐकून सांगणाऱ्या बाईवर कुणी तुझ्याइतका विश्वास ठेवणार नाही. आयुष्यभर तिला खोटं बोलू नको म्हणून मारलं, आणि आता देवळात बसून हे मनात येत होतं.

तिने वाचलं. गाळलं काही नाही. कुणीही यावं, काही द्यावं लागत नाही. धवलारीण देवांना आणि पूर्वजांना बोलावते. आज एक मुलगा आणि एक मुलगी नवरा-नवरी म्हणून बसतील. हे गाणं संपलं की ती दोघं नवराबायको होतात. ब्राह्मण आला नाही तरी लग्न लागतं.

वाचून तिने कागद होता तिथे ठेवला.

म्हातारा माझ्याकडे वळला. "ह्ये तू सांगितलंस तिला?"

"सांगितलं."

"खरं हाय का?"

खरं म्हणाले तर लेक गेली. खोटं म्हणाले तर मी वीस वर्षं केलं ते काय होतं? मी विचार करत बसले नाही. विचार केला असता तर बोलता आलं नसतं. म्हटलं, "नाय. गानं हाय ते. लगीन लावतात भट आनि दोघांचे आयबाप. मी नुसती गाते."

मग मागे बायकांत बसलेली एक म्हातारी उठली. तिच्या चार मुलींची लग्नं माझ्या धवल्याने झाली होती, त्यातल्या दोघींना भटजी मिळाला नव्हता. तिने विचारलं, "मंग माज्या पोरींच्या लग्नात तू काय केलंस गं?"

"गायले."

ती खाली बसली. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

गावकीने निकाल द्यायला वेळ लावला नाही. धवलारीणच नाही म्हणते तर आम्ही हो म्हणणारे कोण, असं म्हाताऱ्याने सांगितलं आणि नारळ परत करायला लावला. बायकोने भर गावकीत स्वतःची अशी नाचक्की करून घेतलेली माझ्या नवऱ्याने कधी पाहिली नव्हती. मुलाच्या आईने कागदाची घडी केली, पिशवीत ठेवली. मला विचारलं, मग माझा मुलगा मोकळा? मी मोकळा म्हटलं. तिचा त्यात फायदाच होता, तरी ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मी तिच्यादेखत देव्हाऱ्यावर पाय दिला होता. दारातून वळून म्हणाली, "द्येव बोलावलेस तू तितं. आले असतील ते. त्यांना काय सांगशील?"

मी चपला पायात सरकवल्या आणि वाटेला लागले.

घरी जाताना लेक बरोबर होती. अर्ध्या वाटेवर तिने विचारलं, "मंग मी खोटं लिवलं?"

"तू खरं लिवलंस. खोटं मी बोलले."

"कवा? मी लिवत होते तवा, का आता देवळात?"

मी पुढे चालायला लागले.

सोमवारी ती मुंबईला गेली. बापाने तिला गाडीवर पोचवलं. त्या वैशाखात आमच्या गावात पाच लग्नं झाली. एकाही घरून मला बोलावणं आलं नाही. पेणकडून दुसरी धवलारीण आणली. ती माझ्या दारावरून मांडवात गेली, आणि मी घरात भांडी घासत तिचा धवला ऐकला. दोन जागी चुकली. सांगायला कुणी नव्हतं. ज्या घरांत मी लग्नं लावली होती तिथल्या बायका विहिरीवर माझ्याशी बोलायच्या, पण लग्नाचा विषय निघाला की घागर उचलायच्या. एका घरी नवराबायकोचं भांडण झालं तेव्हा नवरा म्हणाला म्हणे, तुझं माझं लग्न कुठे लागलं आहे, धवलारणीला विचार. हे ऐकून मी दोन दिवस पाण्याला गेले नाही.

पुढच्या थंडीत बाईंनी पुन्हा कार्यक्रम ठेवले. लेक आता कचेरीतली. साडी नेसण्याची पद्धत बदललेली, बोलणं आमच्याशी आमच्यासारखंच. बाईंना धवला पुन्हा हवा होता, पण पाटावर कुणाला बसवायचं नाही, एवढं त्याही शिकल्या होत्या. मी गायला हो म्हटलं. गावात बोलावत नव्हते, मग कुठे गायचं? लेक वही घेऊन ओटीवर बसली. विचारलं, या वेळी काय लिहू?

मी म्हटलं, "लिव, ह्ये गानं लग्नात म्हन्तात."

"एवडंच?"

"एवडंच."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं. खोडलं नाही.

मैदान तसंच भरलं होतं. समोर पाट नाहीत, मुंडावळ्या नाहीत, अक्षतांचं ताट नाही. मी गायले. नावांची जागा आली. तिथे मी कुणाचं नाव घेतलं नाही, राम-सीतेचंही नाही. नुसता सूर धरून ती जागा ओलांडली. सोपं होतं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. धवला सरला तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, ते ठीक. पण मग मागे बसलेल्या आमच्या बायकांनीही वाजवल्या, माझ्या गावच्यांनी, ज्यांच्या मुली मी पाटावर बसवल्या होत्या त्यांनी. हसत होत्या. छान म्हटलंस, असं एकीने ओरडून सांगितलं.

धवला सरला की अक्षता पडायच्या; टाळ्या मी त्याआधी कधी ऐकल्या नव्हत्या. मी मंचावर बसूनच राहिले. बाईंना वाटलं पाय आखडला, म्हणून त्यांनी हात दिला.